पायी वारी आणि खांद्यावरील भार

ज्येष्ठ वद्य अष्टमीस श्री ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचे आळंदीहून प्रस्थान होते आणि आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी हा सोहळा पंढरपुरात प्रवेश करतो. अंतर सुमारे २५० किलोमीटर. एवढ्या वाटचालीत माणसाची चार लाखांच्या आसपास पावले पडतात आणि खांद्यावरील प्रत्येक वस्तूचा भार तितक्याच वेळा पायांवर येतो. म्हणून वारीस निघताना काय बरोबर घ्यावे याइतकाच काय घरी ठेवावे हा प्रश्नही महत्त्वाचा ठरतो.

पूर्वीचा वारकरी पडशी खांद्यावर टाकून निघत असे. तिचा एक कप्पा पुढे व एक मागे असल्याने भार दोन्हीकडे सारखा विभागला जाई. एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकर यांनी या सोहळ्यास शिस्तबद्ध स्वरूप दिले. आज दिंडीचे बहुतेक सामान ट्रकमधून जाते. परंतु ट्रक पुढे निघून जातो आणि वारकऱ्यास तो मुक्कामावरच भेटतो. त्यामुळे सामानाचे दोन भाग करणे हिताचे असते.

ट्रकमधील पिशवीत कपड्यांचे दोन जोड, सतरंजी, पांघरूण व ताट-तांब्या एवढे पुरे. सुती कपडा भिजला की जड होतो व लवकर वाळत नाही, हे जोड निवडताना ध्यानात घ्यावे. खांद्यावरील पिशवीत मात्र दिवसभर लागणाऱ्या वस्तूच असाव्यात : पाण्याची बाटली, पंचा, पावसासाठी प्लॅस्टिकचा कागद, थोडा कोरडा खाऊ आणि औषधे. शालेय दप्तराविषयीच्या २०२० च्या राष्ट्रीय धोरणात दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक नसावे असे म्हटले आहे. दररोज अनेक तास चालणाऱ्या वृद्ध वारकऱ्याने आपला भार याहूनही पुष्कळ कमी ठेवावा. पुणे ते सासवड हा लांबचा टप्पा आणि त्यातील दिवे घाटाचा चढ जादा ओझ्याची जाणीव लवकरच करून देतो.

भार कमी करताना औषधांना मात्र कात्री लावू नये. मधुमेह व रक्तदाब असणाऱ्यांनी वारीचे सर्व दिवस पुरतील एवढ्या गोळ्या घ्याव्यात आणि दिवसाची मात्रा ट्रकमध्ये न ठेवता जवळ बाळगावी. मधुमेहात पायांची संवेदना मंदावते, जखम झालेली कळत नाही. अशांनी अनवाणी चालणे टाळावे, नवीन पादत्राणे घालून निघू नये आणि दररोज संध्याकाळी तळवे तपासून घ्यावेत. नाव, गाव, दिंडी क्रमांक, घरचा दूरध्वनी व चालू औषधे लिहिलेली चिठ्ठी प्रत्येकाच्या खिशात असावी. गर्दीत चुकामूक झाली किंवा भोवळ आली, तर या चिठ्ठीचा फार मोठा आधार होतो. गावातील शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून त्यांच्या आजी-आजोबांसाठी अशा चिठ्ठ्या लिहवून घेतल्यास हे काम सहज होण्यासारखे आहे.

वारकऱ्याचे ओझे हलके होणे केवळ त्याच्या हाती नसते. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असते. पुढच्या गावी शुद्ध पाणी मिळेल याची खात्री असेल, तर तो एक बाटली घेऊन निघतो. ती नसेल, तर तीन बाटल्या वाहतो किंवा मिळेल ते पाणी पिऊन आजारी पडतो. औषधोपचार, निवारा व शौचालय यांचेही असेच आहे. सासवड, लोणंद, फलटण, माळशिरस यांसारख्या मोठ्या मुक्कामांच्या गावी या सोयींकडे लक्ष जाते. मधल्या लहान गावांतही त्या असणे तितकेच अगत्याचे आहे. वाटेवरील ग्रामपंचायतीने निर्जंतुक पाण्याची टाकी भरून ठेवली आणि ती कोठे आहे याचा फलक ठळकपणे लावला, तर हजारो खांद्यांवरील किलोभर भार त्या गावातच उतरेल.