कर्क आणि कर्कसदृश : एका रोगनामाची कथा

मराठीच्या तासाला उपमा आणि रूपक यांतील भेद शिकवीत असता ‘मुख चंद्रासारखे आहे’ आणि ‘मुख हाच चंद्र’ ही दोन वाक्ये मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. पहिल्यात साम्य आहे, दुसऱ्यात अभेद. हा भेद परीक्षेतील दोन गुणांपुरता नाही, हे मला गतवर्षी एका विद्यार्थिनीमुळे कळले.

तिच्या आईच्या आंत्रपुच्छाची, म्हणजे अपेंडिक्सची, शस्त्रक्रिया झाली होती. काढलेला भाग तपासणीस गेला आणि अहवालात ‘कार्सिनॉइड’ हा शब्द आला. घरात लगेच दोन पक्ष पडले. काका म्हणाले, कर्करोगच तो; रडारड सुरू झाली. मामा शब्दकोश चाळणारे. ते म्हणाले, शब्दाच्या शेवटी ‘ऑइड’ आहे, म्हणजे कर्करोगासारखा, पण कर्करोग नव्हे. पुन्हा डॉक्टरांकडे जाण्याचे प्रयोजनच नाही. अहवाल कपाटात गेला. मुलीने मला विचारले, “बाई, ‘सारखा’ म्हणजे ‘तो’ नव्हे ना?” मी कलाशाखेची पदवीधर, उत्तर देण्यापूर्वी मला बरेच वाचावे लागले. त्या वाचनाचे सार येथे देते.

खेकड्याला कोकणीत आमच्या घरी ‘कुर्ली’ म्हणतात, येथे कामरेजला गुजराती शेजारी ‘करचलो’ म्हणतात. संस्कृतात तो ‘कर्क’. प्राचीन ग्रीक वैद्यांनी काही गाठींना आपल्या भाषेतील खेकड्याचे नाव दिले आणि तीच कल्पना आपल्या ‘कर्करोग’ शब्दात उतरली. आपल्या सुश्रुतसंहितेत अशा गाठींसाठी ‘अर्बुद’ हा शब्द आहे, तो खेकड्याशी संबंधित नाही.

इ. स. १९०७ मध्ये म्युनिकचे विकृतिशास्त्रज्ञ सिगफ्रीड ओबर्नडॉर्फर यांनी लहान आतड्यातील काही विलक्षण गाठींचे वर्णन केले. सूक्ष्मदर्शकाखाली त्या कर्करोगासारख्या दिसत, परंतु फार सावकाश वाढत आणि निरुपद्रवी वाटत. म्हणून त्यांनी नाव दिले ‘कार्सिनॉइड’, म्हणजे कर्कसदृश. ही शुद्ध उपमा होती. पुढे अधिक रुग्ण पाहिल्यावर १९२९ मध्ये खुद्द ओबर्नडॉर्फर यांनीच मान्य केले की यांपैकी काही गाठी घातक होतात व दूरवर पसरतात. मला या गृहस्थांचा येथे विशेष आदर वाटतो; स्वतः ठेवलेल्या नावाविरुद्ध साक्ष देणे सोपे नसते. पण नाव एकदा लोकांच्या जिभेवर बसले की ते उठत नाही. उपमा तशीच राहिली, आणि तिच्या भरवशावर अनेकांनी गाठीकडे दुर्लक्ष केले.

मग या गाठी आहेत तरी काय? आतड्याच्या अस्तरात, तसेच फुप्फुसांत व इतरत्र, काही विखुरलेल्या पेशी असतात. त्यांचे काम संप्रेरके, म्हणजे हार्मोन, तयार करणे. १९१४ मध्ये फ्रान्सच्या गॉसे व मासों यांनी दाखविले की कार्सिनॉइड गाठी अशाच पेशींपासून उद्भवतात. १९५३ मध्ये लेम्बेक यांना अशा गाठीत सेरोटोनिन हे द्रव्य सापडले. आतड्यातील गाठीचे सेरोटोनिन प्रथम यकृतात जाते आणि तेथे बहुतांशी नष्ट होते. म्हणून रोगी पुष्कळ काळ निश्चिंत असतो. गाठ यकृतात पसरली की मात्र ते द्रव्य सर्व शरीरात फिरते; चेहरा अकस्मात लाल होतो, जुलाब होतात, धाप लागते, कालांतराने हृदयाच्या उजव्या बाजूच्या झडपाही बिघडतात. या लक्षणसमूहाला ‘कार्सिनॉइड सिंड्रोम’ म्हणतात. ते गाठीचे दुसरे नाव नव्हे; गाठ असूनही हा लक्षणसमूह नसणे हेच अधिक आढळते.

याच्या निदानासाठी चोवीस तासांचे मूत्र तपासतात. त्याआधी काही दिवस केळी, अननस, टोमॅटो, अक्रोड वर्ज्य असतात, कारण त्यांत मुळातच सेरोटोनिन असते आणि परीक्षा फसते. केळीच्या बागांत वाढलेल्या आपल्या तालुक्यातील रोग्याला हे आधी सांगितलेले बरे!

आता नवे नाव पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात २०१० सालापासून पचनसंस्थेतील या गाठींना ‘न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर’ म्हणू लागले. फुप्फुसाच्या बाबतीत मात्र ‘टिपिकल कार्सिनॉइड’ आणि ‘अटिपिकल कार्सिनॉइड’ ही नावे आजही चालू आहेत, तेव्हा जुना शब्द मेला असे समजू नये. नव्या नावाचीही गंमत आहे. अभिनेते इरफान खान यांनी मार्च २०१८ मध्ये आपला आजार जाहीर केला, तेव्हा ‘न्यूरो’ ऐकून अनेकांना तो मेंदूचा रोग वाटला. ‘न्यूरो’ म्हणजे नेहमी मेंदूच नव्हे, असा खुलासा त्यांना स्वतःच करावा लागला. या पेशींचे काही गुण मज्जापेशींसारखे असतात, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. (येथेही ‘सारखे’च!) २९ एप्रिल २०२० रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. तेव्हा संथ म्हणविणारा हा रोग प्रत्येक वेळी संथ असतोच, असे नाही.

म्हणूनच आज नुसत्या नावावर भिस्त ठेवीत नाहीत. गाठ कोणत्या अवयवात उगवली, किती मोठी आहे, कोठवर पसरली आणि तिच्या किती पेशी विभाजनाच्या वाटेवर आहेत, हे पाहतात. या शेवटच्या मापासाठी ‘के-आय ६७’ नावाचे प्रथिन शोधतात. पचनसंस्थेच्या गाठीत ते शंभरांपैकी तीनहून कमी पेशींत असेल तर पहिली श्रेणी, तीन ते वीस पेशींत असेल तर दुसरी, त्याहून अधिक असेल तर तिसरी. पेशींचे रूपच अत्यंत बिघडलेले असेल तर त्या रोगाला ‘न्यूरोएंडोक्राइन कार्सिनोमा’ असे वेगळे नाव आहे आणि त्याचे उपचारही वेगळे. ‘ट्यूमर’ आणि ‘कार्सिनोमा’ या एका शब्दाच्या फरकाने रोग्याचा सारा मार्ग बदलतो.

काका आणि मामा या दोघांनीही शब्दाचा शेवट किंवा आरंभ वाचला होता, अहवाल वाचला नव्हता. मी मुलीला एवढेच सांगितले की तो कागद कपाटातून काढून शस्त्रवैद्यांकडे ने. त्यांनी तो पाहिला. गाठ आंत्रपुच्छाच्या टोकाशी, एक सेंटिमीटरहून लहान, पहिल्या श्रेणीची, आणि पूर्णपणे काढली गेलेली. अशा वेळी आणखी शस्त्रक्रियेची गरज नसते, असे ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी मुलगी वर्गात आली, तेव्हा फळ्यावर उत्प्रेक्षा चालली होती.