दुसऱ्याच्या आत्मिक वाढीत तुमचा आनंद

वाचन: 3 योहान, प्रेषितांची कृत्ये 11:19-26



तुमच्यानंतर विश्वासात आलेला एखादा भाऊ किंवा बहीण आज तुमच्यापेक्षा मनापासून प्रार्थना करते, वचन नीट समजावून सांगते. मंडळी तिचे कौतुक करते. तेव्हा तुमच्या मनात पहिला विचार कोणता येतो?

मी कॉमर्सचा विद्यार्थी आहे. हिशेबाची सवय प्रार्थनेतही सुटत नाही. कुरुदमधल्या आमच्या घरगुती प्रार्थनेत माझ्यानंतर आलेल्या एका भावाने पहिल्यांदा संदेश दिला. मी तोंडाने 'आमेन' म्हणालो. पण आत असे वाटत होते, की त्याच्या खात्यात जे जमा झाले ते माझ्या नावे पडले. तुम्हालाही असे कधी वाटले असेल, तर हा अभ्यास आपल्या दोघांसाठी आहे.

1. योहानाचा सर्वांत मोठा आनंद

योहानाचे तिसरे पत्र एकाच अध्यायाचे आहे. वृद्ध योहान गायसाला लिहितो, की आपली मुले सत्यात चालत आहेत हे ऐकण्यापेक्षा मोठा आनंद आपल्याला नाही (वचन 4). इथे दोन गोष्टींकडे लक्ष द्या.

पहिली, हा आनंद ऐकून झाला आहे. काही भाऊ आले आणि त्यांनी गायसाविषयी साक्ष दिली (वचन 3). आपल्याकडे कोण पडला, कोण सभेला येत नाही, ही बातमी लवकर पोहोचते. कोण वाढला, हे सांगायला किती जण धावतात?

दुसरी, वाढ म्हणजे व्यासपीठ नव्हे. गायसाने अनोळखी भावांना आपल्या घरी घेतले, त्यांची सेवा केली (वचन 5-6). योहानाला त्यातच सत्य चालताना दिसले.

त्याच पत्रात दियत्रेफेसही आहे. त्याला पहिला होण्याची हाव होती, म्हणून तो भावांना स्वीकारत नसे आणि जे स्वीकारत त्यांनाही अडवत असे (वचन 9-10). ज्याला पहिले राहायचे असते, त्याला दुसऱ्याची वाढ नुकसानीसारखीच दिसते.

2. बर्णबाने काय पाहिले?

अंत्युखियाची मंडळी बर्णबाने सुरू केली नव्हती. तरी तिथे देवाची कृपा पाहून तो आनंदित झाला (कृत्ये 11:23). एवढ्यावर न थांबता तो तार्सला गेला, शौलाला शोधून घेऊन आला आणि वर्षभर दोघांनी मिळून शिकवले. पुढे शौलाचे नाव बर्णबाच्या आधी येऊ लागले. आपल्याहून पुढे जाईल अशा माणसाला बर्णबा स्वतः जाऊन घेऊन आला. कारण त्याने माणूस मोजला नाही, कृपा पाहिली.

3. आपल्या भाषेतले एक उदाहरण

भिलाईहून नागपूरला जाताना राजनांदगाव लागते. 1893 मध्ये कवी नारायण वामन टिळक नागपूरहून याच राजनांदगावला रेल्वेने निघाले होते. डब्यात एका परदेशी प्रवाशाने त्यांच्याशी प्रेमाने बोलून नव्या कराराची प्रत दिली. 10 फेब्रुवारी 1895 रोजी टिळकांचा मुंबईत बाप्तिस्मा झाला.

त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना हा मोठा धक्का होता. त्या काही वर्षे दूर राहिल्या. पुढे त्या स्वतःच्या पावलांनी विश्वासात आल्या आणि 1900 मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. टिळक 1919 मध्ये वारले, तेव्हा 'ख्रिस्तायन' या काव्याचे दहा-अकरा अध्यायच झाले होते. टिळकांच्या आग्रहामुळे लिहा-वाचायला शिकलेल्या लक्ष्मीबाईंनी त्यात 64 अध्यायांची भर घातली!

प्रवाशाने बी टाकले. ज्याने शिकायला लावले, त्याच्यापेक्षा शिकलेलीने जास्त लिहिले. पौल हेच सांगतो: लावणारा एक, पाणी घालणारा दुसरा, वाढवणारा मात्र देव (1 करिंथ. 3:6-7). वाढ देवाची असेल, तर ती माझ्या खात्यातून वजा कशी होईल?

4. या आठवड्यात काय कराल?

- एका विश्वासणाऱ्याला विचारा: "देव सध्या तुला काय शिकवतो आहे?" मध्ये न बोलता ऐका.
- त्याच्यातली चांगली गोष्ट तिसऱ्या माणसाला सांगा, तीही त्याच्या पाठीमागे.
- तुम्ही करता ते एखादे काम नव्या भावाला किंवा बहिणीला द्या आणि बाजूला बसून त्यांच्यासाठी प्रार्थना करा.
- आनंद होत नसेल, तर ढोंग करू नका. देवाजवळ कबूल करा.

मी शेवटच्यापासून सुरुवात केली. मग त्या भावाला पहिला प्रश्न विचारला. कळले, की संदेशाच्या आदल्या रात्री भीतीने त्याला झोप लागली नव्हती. मी ज्याचा हेवा करत होतो, त्याला खरे तर माझ्या प्रार्थनेची गरज होती. आता त्याची पाळी असते तेव्हा मी आदल्या संध्याकाळी त्याच्यासोबत प्रार्थना करतो. आता माझे 'आमेन' मनातून येते.

प्रार्थना

हे स्वर्गीय पित्या, माझ्या भावंडांमध्ये तू करत असलेले काम पाहायला मला डोळे दे. पहिले होण्याची हाव माझ्यातून काढ. त्यांच्या वाढीत मला खरा आनंद दे. येशूच्या नावात मागतो, आमेन.