चराऊ रानातली झाडं राखताना

झाड वीस-तीस वर्षं उभं राहिलं तरच लाकडात बराच कार्बन साठतो. लागवड एका पावसात उरकते, खरं काम पुढच्या राखणीचं.

आधी जागा पारखा. पवना, मारवेलसारख्या मूळ गवतांचं चांगलं माळरान असेल तर तिथे झाडं लावूच नका. त्या गवताचा कार्बन मुळांत आणि मातीत असतो, वणव्यातही बराचसा टिकतो. शिवाय चिंकारा, लांडगा, धाविक पक्षी यांना उघडा माळच लागतो. नांगरून सोडलेली मुरमाड पडीक जमीन मात्र योग्य. तिथे अंजन धरा. त्याचं लाकूड जड आणि पाला गुरं आवडीने खातात. पाच बाय पाच मीटरवर एकरी १६० झाडं बसतात.

सुरुवातीची काही वर्षं चराई बंद ठेवा, गवत कापून न्या. शेंडा जनावराच्या तोंडापलीकडे गेला आणि बैलाने अंग घासलं तरी बुंधा हलेनासा झाला, की गाई-बैल सोडा. शेळ्या सगळ्यांत शेवटी. उन्हाळ्यात गवत वाळलं की शेळी मागच्या पायांवर उभी राहून डहाळी ओढते, मग कोवळी साल सोलते. साल चहूबाजूंनी गेली की झाड उभ्या उभ्या वाळतं. म्हणून रानाचे चार तुकडे करा आणि कळप पाळीपाळीने फिरवा.

पाला काढताना वरचा दोन-तृतीयांश भाग शिल्लक ठेवा आणि त्या झाडाला पुढचं वर्ष विश्रांती द्या. फांद्या एकमेकींना भिडून खालचं गवत विरळ झालं, की वाकडी, रोगट झाडं काढा. महाराष्ट्रात अंजन अनुसूचित झाड आहे. १९६४ च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे आधी परवानगी घ्या.

दिवाळीनंतर कडेने तीन-चार मीटरचा पट्टा गवत काढून मोकळा करा. एक वणवा दहा वर्षांची वाढ नेतो.

दरवर्षी एकाच महिन्यात ठरावीक झाडांचा घेर मोजा: जमिनीपासून १.३७ मीटरवर रंगाची खूण करून, त्याच खुणेवर टेप लावून. घेरावरून वाळल्या लाकडाच्या वजनाचा अंदाज बांधता येतो. त्यात साधारण निम्मा कार्बन असतो. म्हणजे १०० किलो लाकडामागे हवेतला सुमारे १८३ किलो कार्बन डायऑक्साइड. तोडलेलं लाकूड वहीत वेगळं लिहा. चौकट किंवा खांब झालेलं साठ्यात धरा, चुलीत गेलेलं वजा करा.