घड्याळ, भ्रमणध्वनी आणि अभ्यासाचे अवधान

लखनौच्या हुसैनाबाद भागात सुमारे ६७ मीटर उंचीचा घंटाघराचा मनोरा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उभारलेल्या या मनोऱ्यावरील घड्याळ १९८४ मध्ये बंद पडले व २०११ मध्ये पुन्हा सुरू झाले. ज्याला वेळ हवी त्याने मान वर करून काट्यांकडे पाहावे आणि कामास लागावे, एवढाच त्याचा व्यवहार. आज विद्यार्थी वेळ पाहण्यासाठी भ्रमणध्वनी हाती घेतो. वेळ दिसते, पण तिच्यासोबत दोन संदेश आणि एखादी चित्रफीतही दिसते. दहा मिनिटांनी उपकरण खाली ठेवल्यावर किती वाजले, हे त्याला पुन्हा पाहावे लागते!

वेळापत्रके फसतात ती बहुधा येथे. तासांची वाटणी झालेली असते, अवधानाची झालेली नसते. माहितीची विपुलता म्हणजेच अवधानाची टंचाई, हा विचार हर्बर्ट सायमन यांनी १९७१ मध्येच मांडला होता. टंचाई असलेल्या वस्तूला बाजारात किंमत येते. मोफत भासणाऱ्या अनेक सेवा वापरकर्त्याचे हेच अवधान जाहिरातदारांना विकून चालतात. तेव्हा विद्यार्थ्याच्या दुर्बल इच्छाशक्तीला सर्व दोष देणे न्याय्य नव्हे. त्यातच, एक काम अपुरे सोडून दुसऱ्याकडे वळल्यास मनाचा काही अंश पहिल्यातच गुंतून राहतो, असे सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दाखविले. क्षणभर पाहिलेल्या संदेशाची किंमत म्हणूनच क्षणापुरती नसते.

परीक्षा नेमके अखंड अवधान मागते. नागरी सेवा पूर्वपरीक्षेच्या सामान्य अध्ययनाच्या पहिल्या प्रश्नपत्रिकेत दोन तासांत १०० प्रश्न सोडवावयाचे असतात. म्हणजे प्रत्येकी ७२ सेकंद. मुख्य परीक्षेत सामान्य अध्ययनाच्या २० उत्तरांसाठी तीन तास, म्हणजे प्रत्येकी नऊ मिनिटे मिळतात. केंद्र लखनौचे असो वा मुंबईचे, दालनात भ्रमणध्वनी नेता येत नाही. ज्याने वर्षभर दर काही मिनिटांनी तो पाहिला, त्याला तेथे प्रथमच सलग तीन तास बसावे लागते.

यावरील एक उपाय सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये शोधला. महामारीच्या काळात शिक्षणासाठी मुलांच्या हाती आलेले भ्रमणध्वनी शाळा उघडल्यावरही सुटेनात. तेव्हा ग्रामसभेने ठरविले, की सायंकाळी सातला मंदिरावरील भोंगा वाजताच घरोघरी दूरचित्रवाणी व भ्रमणध्वनी बंद करून साडेआठपर्यंत मुलांनी अभ्यास करावा. आशा कार्यकर्त्या, अंगणवाडी सेविका आणि निवृत्त शिक्षकांनी घरोघरी जाऊन पालकांची समजूत घातली. यातील महत्त्वाची गोष्ट दीड तास ही नव्हे. मोह टाळण्याचा भार एकट्या मुलावर राहिला नाही. शेजाऱ्याचा पडदाही त्याच वेळी काळा झाला.

शहरात खोली घेऊन राहणाऱ्या परीक्षार्थीला भोंगा मिळणार नाही, पण सोबती मिळतील. तिघा-चौघांनी मिळून ठरावीक वेळ घ्यावी आणि उपकरणे दुसऱ्या खोलीत ठेवावीत. भ्रमणध्वनी पूर्णतः वर्ज्य करा, हा सल्ला मात्र अव्यवहार्य आहे. शासकीय अहवाल व चालू घडामोडी अनेकांना त्यावरच मिळतात. अशी सामग्री दिवसातून एकदाच, ठरल्या वेळी उतरवून घ्यावी आणि शक्य तेवढी कागदावर वाचावी. सराव उत्तरेही नऊ मिनिटांच्या हिशेबाने, सलग तीन तास बसून लिहावीत. समोर साधे मनगटी घड्याळ असावे. नागरी सेवा परीक्षेच्या दालनात तेवढे नेता येते.