कंपवातात डोपामिन-चित्रण : प्रत्यक्ष की अनुमान?

कंपाची तक्रार घेऊन येणाऱ्या रुग्णाच्या पिशवीत आता 'ट्रोडॅट स्कॅन' किंवा 'एफ-डोपा पेट स्कॅन' असा मथळा असलेला रंगीत अहवाल आढळू लागला आहे. नातेवाईक तो टेबलावर ठेवतात आणि विचारतात, "वैद्यराज, यात मेंदूतले डोपामिन कमी दाखवले आहे. आपल्या औषधाने ते भरून येईल का?" या प्रश्नाला होकार किंवा नकार देण्यापूर्वी ही तपासणी नेमके काय मोजते आणि काय मोजत नाही, हे वैद्याला ठाऊक असले पाहिजे. त्याचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. पूर्वपीठिका

चरकसंहितेतील ८० नानात्मज वातविकारांत वेपथूचा उल्लेख आहे. आधुनिक शास्त्राने पार्किन्सन व्याधीचा संबंध डोपामिन या द्रव्याशी जोडला, त्या इतिहासात आपल्या परिचयाच्या दोन वनस्पती महत्त्वाच्या ठरल्या आहेत. कपिकच्छूच्या बीजांतून एल-डोपा वेगळे केल्याचे दामोदरन व रामस्वामी यांनी १९३७ मध्ये प्रसिद्ध केले. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये उच्च रक्तदाबातील सर्पगंधेचे अनुभव ब्रिटिश नियतकालिकात मांडले आणि १९५२ मध्ये सर्पगंधेतून रेझर्पिन हा अल्कलॉइड मिळाला. १९५७ मध्ये स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी हेच रेझर्पिन सशांना दिले. ससे निश्चेष्ट झाले आणि एल-डोपा देताच पुन्हा हालचाल करू लागले. या संशोधनमालेसाठी कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले. १९६० मध्ये व्हिएन्ना येथील एरिंगर व हॉर्निकिएविझ यांनी पार्किन्सनच्या मृत रुग्णांच्या मेंदूतील स्ट्रायटम या भागात डोपामिन अत्यल्प असल्याचे दाखविले.

तथापि हे मोजमाप मृत्यूनंतरचे होते. जिवंत मनुष्याच्या मेंदूतील डोपामिन-व्यवहाराचे चित्र १९८३ मध्ये कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात एफ-डोपाच्या साहाय्याने प्रथम घेतले गेले. भारतातील पहिले पेट यंत्र २००२ मध्ये मुंबईच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये बसविण्यात आले.

२. तपासणी काय मोजते?

डोपामिनचा व्यवहार औषधी व्यवसायाच्या दृष्टांताने सहज समजतो. मज्जातंतूचे टोक ही निर्मितीशाळा. तेथे एल-डोपा हा कच्चा माल येतो व त्याचे डोपामिन बनते. ते बाहेर सोडले की पुढच्या पेशीवरील ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, ते स्वीकारतात. उरलेला माल निर्मितीशाळेच्या दारातील वाहक, म्हणजे ट्रान्सपोर्टर, परत आत घेतात. न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये अत्यल्प मात्रेचे किरणोत्सारी द्रव्य शिरेवाटे देऊन या साखळीतील कोणत्या तरी एकाच टप्प्याचे चित्र घेतले जाते.

(अ) एफ-डोपा पेट : यात कच्चा माल घेऊन त्याचे रूपांतर करण्याची क्षमता दिसते. फ्लोरिन-१८ चे अर्धायुष्य सुमारे ११० मिनिटांचे आहे.

(आ) वाहकांचे स्पेक्ट चित्रण : यात ट्रान्सपोर्टर दिसतात. आयोफ्लुपेन हे आयोडिन-१२३ युक्त द्रव्य युरोपमध्ये २००० साली व अमेरिकेत २०११ साली मान्य झाले. ट्रोडॅट हे टेक्नेशियम-९९एम युक्त असून त्याचे अर्धायुष्य ६ तासांचे आहे. टेक्नेशियम न्यूक्लिअर मेडिसिन विभागातील जनरेटरमधून मिळते, म्हणून आपल्याकडे ट्रोडॅट अधिक सोयीचे ठरते. इंजेक्शननंतर सुमारे ४ तासांनी चित्र घेतात.

(इ) रॅक्लोप्राइड पेट : यात ग्राहक दिसतात. कार्बन-११ चे अर्धायुष्य अवघे २० मिनिटांचे असल्याने ही तपासणी मुख्यतः संशोधनापुरती राहिली आहे.

यांपैकी एकही तपासणी मेंदूत आज किती मिलिग्रॅम डोपामिन आहे हे सांगत नाही. अहवालातील आकडा बहुधा स्ट्रायटममधील किरणोत्साराची मेंदूच्या दुसऱ्या संदर्भ-भागाशी केलेली तुलना असते. रंगीत चित्र डोळ्यांना दिसते म्हणून ते प्रत्यक्ष प्रमाण वाटते. वास्तविक ते अनुमान आहे. धूर पाहून अग्नी ओळखावा, तसे वाहकांची संख्या पाहून आपण मज्जातंतूंची स्थिती ओळखतो. अनुमान म्हटले की हेतू निर्दोष आहे का हे तपासणे ओघानेच आले.

३. चित्राचे वाचन

स्वस्थ व्यक्तीत दोन्ही बाजूंचे स्ट्रायटम ठसठशीत स्वल्पविरामासारखे दिसतात. पार्किन्सनमध्ये या स्वल्पविरामाचे शेपूट, म्हणजे प्युटामेनचा मागील भाग, प्रथम पुसट होते आणि अखेर केवळ पूर्णविरामासारखा ठिपका उरतो. हा ऱ्हास बहुधा विषम असतो. उजव्या हाताला कंप अधिक असेल तर डावी बाजू अधिक क्षीण दिसते. लक्षणे प्रकट होईपर्यंत निम्म्याहून अधिक टोके निकामी झालेली असतात, म्हणून आरंभीच्या अवस्थेतही चित्रात बदल सापडतो. साधा सीटी किंवा एमआरआय अशा वेळी बहुधा सामान्य येतो.

४. उपयोग व मर्यादा

या तपासणीचा खरा उपयोग एकाच प्रश्नासाठी आहे : डोपामिनयुक्त मज्जातंतूंची टोके शाबूत आहेत की क्षीण? त्यावरून पुढील भेद करता येतो.

टोके शाबूत असतात असे विकार : पेला उचलताना, सही करताना वाढणारा, अनेकदा कुलवृत्त असलेला इसेन्शियल ट्रेमर, तसेच ग्राहकांना अडविणाऱ्या औषधांमुळे होणारा कंप व स्तंभ.

टोके क्षीण असतात असे विकार : पार्किन्सन व्याधी, मल्टिपल सिस्टिम अॅट्रॉफी, प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी. या तिघांतील भेद वाहकांच्या चित्रावरून विश्वासाने करता येत नाही. तेथे नाडी-रक्तदाब, नेत्रगती, वारंवार तोल जाणे व रोगाची गती यांचेच परीक्षण लागते.

औषधजन्य कंपाकडे वैद्यवर्गाने विशेष लक्ष द्यावे. अम्लपित्तासाठी पॅन्टोप्रॅझोल किंवा रॅबेप्रॅझोलसोबत मिळणारे लेव्होसल्पिराइड, छर्दीवरील मेटोक्लोप्रामाइड, भ्रमावरील सिनारिझिन, अर्धावभेदकासाठीचे फ्लुनारिझिन आणि मानसरोगांतील हॅलोपेरिडॉल ही त्यातील नेहमीची नावे होत. माझ्या चिकित्सालयात आलेली ५६ वर्षांची एक रुग्णा दोन्ही हातांचा कंप, मंद चाल व भावशून्य चेहरा या लक्षणांसह 'पार्किन्सन' असे निदान घेऊन आली होती. प्रश्नपरीक्षेत समजले की अन्यत्र अम्लपित्तासाठी सुरू झालेली लेव्होसल्पिराइडयुक्त कॅप्सूल ती आठ महिने रोज घेत होती. ट्रोडॅट चित्र सामान्य आले. न्यूरॉलॉजिस्टच्या सल्ल्याने ती कॅप्सूल बंद झाली व तीन महिन्यांत कंप जवळजवळ गेला. निदान-परिवर्जन हीच तिची मुख्य चिकित्सा ठरली. येथे तपासणीने शंका दूर केली, पण शंका उपस्थित झाली ती प्रश्नपरीक्षेमुळे. औषधजन्य वाटणाऱ्या काही रुग्णांत मुळात सुप्त पार्किन्सन असतो व औषध केवळ निमित्त होते. अशांचे चित्र विकृत येते. त्या वेळी औषध बंद करूनही पूर्ण उपशय मिळेल असे आश्वासन देऊ नये.

५. हेत्वाभासाची तीन स्थाने

पहिले स्थान : चित्र सुधारले म्हणजे रुग्ण सुधारला, असे समीकरण. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ३६१ रुग्णांना लेव्होडोपा किंवा निष्क्रिय गोळी ४० आठवडे देण्यात आली. लेव्होडोपा घेणाऱ्यांची हालचाल चांगली राहिली. परंतु ज्यांचे चित्रण झाले त्यांच्यात वाहकांचे प्रमाण मात्र याच गटात अधिक घटलेले दिसले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या चाचणीत लेव्होडोपा लवकर सुरू केल्याने रोगाची गती वाढल्याचे किंवा मंदावल्याचे आढळले नाही. तात्पर्य, औषधाचा वाहकांवर स्वतंत्र परिणाम होऊ शकतो. आपल्या एखाद्या कल्पाने 'स्कॅन सुधारला' अशी जाहिरात करणे हे याच कारणाने अशास्त्रीय होय.

दुसरे स्थान : रुग्णाला बरे वाटले म्हणजे द्रव्याने काम केले, असे समीकरण. २००१ मध्ये कॅनडातील व्हँकुव्हर येथे रॅक्लोप्राइड चित्रणाने दिसून आले की, औषध मिळाले या अपेक्षेनेच, निष्क्रिय इंजेक्शननंतरही, पार्किन्सनच्या रुग्णांत डोपामिन स्रवते. हा उपशय खोटा नव्हे, पण तो द्रव्याचा गुणही नव्हे. दोन-चार रुग्णांच्या अनुभवावरून कल्पाचे सामर्थ्य ठरवू नये, ते यासाठी.

तिसरे स्थान : काढलेला आकडा मोजलेला समजणे. २००२ मध्ये डेन्मार्कमध्ये योगनिद्रेच्या काळात अनुभवी साधकांचे रॅक्लोप्राइड चित्रण झाले. 'योगनिद्रेने डोपामिन ६५ टक्क्यांनी वाढते' हे वाक्य तेव्हापासून व्याख्यानांतून ऐकू येते. प्रत्यक्षात मोजली गेली ती रॅक्लोप्राइडच्या बंधनातील ७.९ टक्क्यांची घट; ६५ टक्के हा त्यावरून गणिताने काढलेला अंदाज आहे. निष्कर्ष मोलाचा आहे, म्हणूनच तो मर्यादेसह सांगावा.

६. व्यवहारात काय करावे?

वैद्यांसाठी :
१) स्कॅन सुचविण्याआधी मागील वर्षभरातील सर्व औषधांची यादी घ्यावी, रिकामी पाकिटे मागवून पाहावीत.
२) लक्षणे स्पष्ट असून निदानाविषयी शंका नसेल तर रुग्णाला खर्चात पाडू नये.
३) मेथिलफेनिडेट, ब्युप्रोपिऑन यांसारखी औषधे वाहकांचे चित्र बिघडवितात. एफ-डोपापूर्वी लेव्होडोपा थांबवावी लागते. कपिकच्छूत तेच द्रव्य असल्याने रुग्ण ते घेत असल्यास तपासणी-केंद्राला लेखी कळवावे.
४) अन्य डॉक्टरांनी दिलेली औषधे परस्पर बंद करू नयेत, त्यांना पत्र लिहावे. गर्भिणी अवस्थेची शंका असल्यास प्रथम ती तपासावी.

औषधालय-चालकांसाठी :
१) कपिकच्छू बीजात साधारणतः ४ ते ६ टक्के एल-डोपा असते, जाती व शोधनानुसार त्यात फरक पडतो. म्हणजे ५ ग्रॅम चूर्णातून २०० ते ३०० मिलिग्रॅम एल-डोपा जाऊ शकते. लेव्होडोपा-कार्बिडोपाच्या गोळ्या चालू असलेल्या रुग्णाला ते वैद्याच्या चिठ्ठीवाचून देऊ नये. कार्बिडोपामुळे त्यातील अधिक भाग मेंदूपर्यंत पोहोचतो आणि अनैच्छिक हालचाली, हृल्लास, रक्तदाब उतरणे, भास होणे असे उपद्रव संभवतात.
२) वाजीकर म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक कल्पांत कपिकच्छू असते. लेबल वाचून ग्राहकास विचारावे.
३) सर्पगंधायुक्त कल्प कंपाच्या रुग्णास देऊ नयेत. कार्लसन यांच्या सशांचे उदाहरण यासाठी पुरेसे बोलके आहे.

आता आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर देता येते. अहवालात 'डोपामिन कमी' असे नसून 'टोके क्षीण' असे आहे. एल-डोपायुक्त द्रव्याने उरलेल्या टोकांना कच्चा माल मिळतो व लक्षणांचा उपशय होतो. गेलेली टोके परत येतात असा पुरावा नाही. हे उत्तर रुग्णाला सौम्य शब्दांत, पण स्पष्टपणे द्यावे. त्याने चालू ठेवावयाची औषधे कोणती, व्यायाम कोणता, पुढे कोणत्या लक्षणांवर लक्ष ठेवावयाचे, हे सारे त्या उत्तरावर अवलंबून आहे.