बदलापूर्वीचे अंदाजपत्रक : खोडदच्या दुर्बिणीवरून एक हिशेब

जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांना अंदाजपत्रक हा शब्द नवा नाही. माणिकडोह, येडगाव, वडज आणि डिंभे ही कुकडी प्रकल्पातील धरणे याच परिसरात उभी राहिली. आधी मोजमाप, मग दरसूचीनुसार रक्कम, त्यानंतर मंजुरी आणि शेवटी काम, हा क्रम येथे चांगला परिचित आहे. संगणकाच्या क्षेत्रात मात्र हा क्रम नकळत उलटा होण्याचा संभव असतो.

पूर्वी कार्यालयाला संगणकयंत्रणा हवी असल्यास ती विकत घ्यावी लागे, आणि खर्चाची छाननी खरेदीच्या वेळीच होत असे. क्लाउड पद्धतीत यंत्रे दूरच्या माहिती-केंद्रात असतात. त्यांचे भाडे तासावर आणि साठवणुकीचे भाडे गिगाबाइटवर आकारले जाते. महाराष्ट्र शासनाने 2018 मध्ये सार्वजनिक क्लाउडविषयी धोरण जाहीर केले, तेव्हापासून हा विषय शासकीय कार्यालयांच्याही नित्य परिचयाचा झाला आहे. यातील खरी मेख अशी की, दर एकदा ठरतात. परिमाण मात्र रोज बदलू शकते. तंत्रज्ञाने मांडणीच्या मजकुरात एक आकडा बदलला की मागणी नोंदली जाते, आणि तिचा बोजा महिनाअखेरच्या बिलात दिसतो.

हे परिमाण कसे फुगते, याचे उत्तम उदाहरण जुन्नर तालुक्यातच आहे. नारायणगावजवळील खोडद येथे राष्ट्रीय खगोलभौतिकी केंद्राची ‘जीएमआरटी’ ही रेडिओ दुर्बीण आहे. 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना असलेली ही दुर्बीण प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून साकारली. खर्चाचा विचार तिच्या घडणीतच होता. तबकड्यांना भरीव पत्रा न लावता पोलादी तारांची जाळी ताणून बसविण्यात आली. वारा आरपार जात असल्याने त्याचा भार घटला, आणि त्यामुळे सांगाड्याचे पोलादही कमी लागले.

पुढे दुर्बिणीचे आधुनिकीकरण झाले आणि एका वेळी टिपता येणारा पट्टा 32 वरून 400 मेगाहर्ट्झवर गेला. 400 मेगाहर्ट्झसाठी प्रत्येक प्रवाहातून सेकंदाला 80 कोटी नमुने घ्यावे लागतात. 30 अँटेनांचे प्रत्येकी दोन, असे एकूण 60 प्रवाह होतात. एका नमुन्याला एक बाइट धरला, तरी सेकंदाला 48 गिगाबाइट, म्हणजे तासाला 1,72,800 गिगाबाइट माहिती होते. एवढी कच्ची माहिती साठविणे परवडणारे नाही. म्हणून अँटेनांच्या जोड्यांचे गुणाकार तेथल्या तेथेच करून केवळ निष्कर्ष ठेवले जातात. काय साठवायचे नाही, हे ठरविण्यातच सर्वांत मोठी काटकसर आहे.

आता निष्कर्षांचा हिशेब पाहू. खोडदची गणनयंत्रणा जागेवरच आहे. पुढील मापे आणि दर समजण्यापुरते घेतले आहेत. 30 अँटेनांच्या 435 जोड्या होतात, आणि प्रत्येकीची स्वतःशी जोडी धरता 465. पट्ट्याचे 2,048 कप्पे, दोन ध्रुवीकरणे आणि प्रत्येक नोंदीस 8 बाइट धरल्यास एका वेळची नोंद सुमारे 15.2 मेगाबाइटची होते. दर 8 सेकंदांना एक नोंद घेतली, तर दहा तासांच्या निरीक्षणास सुमारे 69 गिगाबाइट लागतात. गिगाबाइटला दरमहा 2 रुपये भाडे धरल्यास खर्च 137 रुपयांच्या आसपास येतो.

समजा, एखाद्या संशोधकाने तीन माफक बदल सुचविले : कप्पे 8,192 करावेत, नोंद दर 2 सेकंदांना घ्यावी आणि ध्रुवीकरणाचे चारही गुणाकार ठेवावेत. चार, चार आणि दोन यांचा गुणाकार 32 होतो. 69 गिगाबाइटचे जवळजवळ 2,194 होतात. आठवड्याला असे एक निरीक्षण होऊन वर्षभर काहीच काढून टाकले नाही, तर वर्षअखेरीस दरमहाचे भाडे 2 लाख 28 हजार रुपयांवर जाते. बदलापूर्वीच्या मांडणीत ते सुमारे 7,100 रुपये असते. तिन्ही बदल शास्त्रीयदृष्ट्या योग्य असू शकतात. प्रश्न मंजुरी देणाऱ्यासमोर हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले गेले होते की नाही, एवढाच आहे.

यासाठी साधनेही उपलब्ध आहेत. टेराफॉर्मसारख्या प्रणालीत यंत्रणेची मागणी मजकुरात लिहिली जाते. इन्फ्राकॉस्टसारखे साधन तो मजकूर वाचून बदलापूर्वीचा व नंतरचा मासिक खर्च, तसेच त्यांतील फरक, मंजुरीआधीच दाखविते. तथापि त्याची मर्यादा ध्यानात घ्यावयास हवी. ठराविक दराच्या यंत्राचे भाडे ते स्वतः काढते. पण किती माहिती साठणार आणि किती बाहेर जाणार, हे माणसानेच सांगावे लागते. तो रकाना कोरा राहिला तर अंदाज फसवा ठरतो. वरील गणित करावयाचे ते नेमके याच रकान्यासाठी.

माहिती बाहेर नेण्याचे शुल्क तर पुष्कळदा विसरले जाते. गिगाबाइटला 9 रुपये धरल्यास 2,194 गिगाबाइटचे एक निरीक्षण परत मागविण्यास सुमारे 19,700 रुपये पडतील, म्हणजे त्याच्या साठवणुकीच्या चार महिन्यांच्या भाड्याहून अधिक. चाचणीपुरती घेतलेली आणि नंतर बंद न केलेली यंत्रेही अशीच भाडे खात राहतात. म्हणून अंदाजपत्रकात प्रत्येक बाबीपुढे तिची मुदत लिहावी. पहिल्या महिन्याचे बिल आल्यावर प्रत्यक्ष वापराचे आकडे अंदाजाशेजारी मांडावेत. पुढील बदलाचा हिशेब त्या आकड्यांवरून करता येतो.