रस्ता कोणासाठी?

(उच्च प्राथमिक वर्गांसाठी नागरिकशास्त्राचा पाठ)



शहरांनी आपला पैसा महामार्ग रुंद करण्यात घालावा की सार्वजनिक वाहतुकीत, हा प्रश्न केवळ मुंबई-पुण्याचा नाही. डोंगरकड्याहून नांदेडच्या महाविद्यालयात किंवा रुग्णालयात जाणाऱ्यांचाही तो आहे. म्हणून तो वर्गात पुढीलप्रमाणे मांडावा.

गणित : एस. टी.च्या एका गाडीत 44 माणसे बसली असे धरा. तीच माणसे मोटारींतून दोघे-दोघे निघाली, तर 22 मोटारी लागतील. दोन्ही आकृत्या फळ्यावर काढाव्यात. रस्ता कोणी अधिक व्यापला, हे मुले आपणच सांगतील.

अनुभव : मुंबईत 1990 नंतरच्या दशकात पन्नासहून अधिक उड्डाणपुलांची योजना हाती घेण्यात आली. तरीही कोंडी हटली नाही. कारण रस्ता मोकळा झाला की त्यावर नवी वाहने येतात व तो पुन्हा भरतो. पुढे 2014 मध्ये त्याच शहरात मेट्रो धावू लागली.

दुसरी बाजू : पाठ एकांगी होऊ देऊ नये. आपल्या भागातील केळी व हळद बाजारात वेळेवर पोहोचण्यास चांगला रस्ता हवाच. रुग्णवाहिकेला हवा आणि एस. टी.लाही हवा. परंतु रस्ता हे साधन आहे. माणसाने इष्ट स्थळी पोहोचणे हे साध्य आहे.

ऑक्टोबर 2021 च्या अखेरीपासून एप्रिल 2022 पर्यंत एस. टी. कर्मचाऱ्यांचा संप चालला. रस्ते होते तेथेच होते. पण ज्यांच्या घरी वाहन नव्हते, त्यांना त्यांचा उपयोग किती? ग्रामीण विद्यार्थिनींना शाळेसाठी मोफत पास मिळतो. गाडीच आली नाही, तर तो पास दप्तरातच राहतो. अशा वेळी प्रथम खंडित होते ते मुलीचे शिक्षण.

उपक्रम : शिक्षकांच्या देखरेखीखाली, रस्त्यापासून सुरक्षित अंतरावर बसून मुलांनी अर्धा तास निरीक्षण करावे. वहीत दोन रकाने आखावेत : वाहने किती गेली, आणि अंदाजे माणसे किती गेली.

प्रश्न :
1. कोणत्या वाहनाने थोड्या जागेत अधिक माणसे नेली?
2. गावातील कोणाला एस. टी.वाचून घरीच बसावे लागेल?
3. निधी मर्यादित असेल, तर तुम्ही प्रथम कशावर खर्च कराल? का?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पाठ करून घेऊ नये. मुलांनी दिलेली कारणे मात्र लक्षपूर्वक ऐकावीत.